सातवं पाखरू

टोपलीत सात कबुतरं होती. चार निळी, दोन खैरी, एक पांढरं. झाकणाला बांधलेल्या पुडक्यात थर्मामीटर, क्विनीनच्या एकवीस गोळ्या, कागदाच्या सात पट्ट्या, दोऱ्याचं रीळ आणि एक मनगटी घड्याळ. त्याच्याशी मिनिटाला मिनिट जुळवलेलं गजराचं घड्याळ यज्ञेश्वरच्या उशाशी राहिलं.

बुधवारी टोपली मैंदर्गीच्या मोटारीवर चढली. मोटार आठवड्यातून एकदाच, बुधवारी सकाळी तिकडून यायची आणि दुपारी परत जायची. टपालाला चार दिवस लागत. त्याची बायको पद्मजा नागपंचमीला मैंदर्गीला माहेरी गेली, तिथं हिवतापानं अंथरुणाला खिळली, आणि तसं कळवणारं कार्ड यज्ञेश्वरच्या हातात पडलं तेव्हा चार दिवसांचं शिळं झालं होतं.

यज्ञेश्वर तसाच निघाला असता. पण उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता. बी. एस्सी. होऊन शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या या मास्तराला पाखरांचा नाद लागून सहाच महिने झाले होते, आणि पांढऱ्याला ढाबळीत घालताना तो माळवदावरून खाली आला होता. मंद्रूपच्या शर्यतीत हेच पांढरं बारांत बारावं आलं, तेव्हा त्याला पाखरं शिकवणाऱ्या, गिरणीतल्या शंकरप्पा जॉबरनं चारचौघांत विचारलं होतं, "मास्तर, वाटंत बाजार करून आलं की काय हे?"

टोपलीबरोबर सासऱ्यांना चार सूचना गेल्या. रोज सकाळी एकच पाखरू सोडावं. पट्टीवर सोडल्याची वेळ लिहावी. खाली ताप लिहावा. चौथी सूचना लिहायला त्याला अर्धा तास लागला. काही बरंवाईट झालं, तर ताप लिहू नये. नुसती वेळ लिहावी.

गुरुवारी निळं आलं. छप्पन्न मिनिटं, ताप एकशे चार. शुक्रवारी पंचावन्न मिनिटं, एकशे चार पूर्णांक चार. सासरे वेणीमाधवपंतांचं अक्षर मोडी आणि घाईचं. एरवी वडिलांचं पत्र पद्मजाच त्याला वाचून दाखवायची, आणि आपल्या गोल बाळबोध अक्षरात उत्तर लिहायची. आता तो एकेक आकडा भिंगाखाली धरून लावत होता. शनिवारी सत्तावन्न मिनिटं, एकशे चार पूर्णांक आठ. रविवारी छप्पन्न, एकशे पाच.

नकाशावर पट्टी ठेवून त्यानं अंतर मोजलं होतं, अठ्ठावीस मैल. सरासरी छप्पन्न मिनिटं. मैलाला दोन मिनिटं. हे गणित त्यानं वहीत चार वेळा केलं, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

सोमवारी पाखरू आलं नाही. मंगळवारीही नाही.

शंकरप्पा म्हणाला, माळावर ससाणा उतरलाय, सातांतली दोन त्याची धरूनच चालायचं असतं. यज्ञेश्वरनं त्याला विचारलं, त्या दोन पट्ट्यांवर काय असेल. शंकरप्पा ढाबळीतली विष्ठा खरवडत राहिला.

बुधवारी उजाडताच चौघांनी त्याला खुर्चीसकट माळवदावर चढवलं. दोन दिवस पोटात चहाखेरीज काही नव्हतं. आठ वाजले. साडेआठ. नऊ. एकच पाखरू उरलं होतं, आणि तेही पांढरं, म्हणजे ससाण्याला मैलावरून दिसणारं.

"शंकरप्पा, पट्टीवर ताप नसला तर मी काय करू?"

"पाखरू धरायचं. पानी पाजायचं." शंकरप्पानं आभाळावरची नजर काढली नाही. "मग बगू."

नऊ वाजून पंधरा मिनिटांनी पांढरं ढाबळीवर उतरलं. आधी पोचल्याची वेळ, मग पट्टी, हा यज्ञेश्वरचा नियम होता. त्यानं वहीत आकडा मांडला. शंकरप्पानं पायाचा दोरा सोडला आणि पट्टी त्याच्या तळहातावर ठेवली.

नऊ वाजून दहा मिनिटं.

खाली काही नव्हतं. त्यानं पट्टी उलटी केली. मागं काही नव्हतं. पुन्हा सुलटी केली, उजेडाकडं धरली.

शंकरप्पाला वाचता येत नव्हतं. त्यानं मास्तराचं तोंड पाहिलं आणि डोक्यावरचा पटका काढून गुडघ्यावर ठेवला. पांढरं परातीतलं पाणी पीत होतं. अखेर शंकरप्पा म्हणाला की मोटार आज यायचीच, तिच्यातनंच आपण जाऊ, तुमाला उचलून न्हेतो.

यज्ञेश्वरचा हात सवयीनं वहीकडं गेला. बुधवारची ओळ अर्धी रिकामी होती. तापाच्या रकान्यात त्यानं रेघ मारली. सोडल्याची वेळ लिहायला पट्टी पुन्हा डोळ्यांसमोर धरली. भिंग लागलं नाही. अक्षर बाळबोध होतं, गोल, शिरोरेघ काळजीनं ओढलेली.

तो थांबला. मग पोचल्याच्या वेळेतून सोडल्याची वेळ वजा केली, उरलेल्या पाच मिनिटांना दोननं भागलं, आणि उत्तर शेवटच्या रकान्यात लिहिलं.

अंतर अडीच मैल.