लाल फडक्याची उंची

भिसेगावातल्या चर्चला वाढीव उंचीची परवानगी द्यायची की नाही, हे ठरवायला साहेब आले. शेजारच्या वाल्मिकची हरकत होती: चर्च उंच झालं तर सावलीत आमचे पापड वाळणार नाहीत. उंची दिसावी म्हणून पाळकांनी तेवढा बांबू उभा करून टोकाला लाल फडकं बांधलं होतं. "खालून काय कळतंय, साहेब? आमच्या गच्चीवर चला," वाल्मिक ऐटीत म्हणाला. सगळे तीन जिने चढले. वर पापड उन्हात वाळत होते, आणि लाल फडकं पार खाली, वाल्मिकच्याच घराच्या सावलीत फडफडत होतं. साहेबांनी चर्चच्या परवानगीवर सही केली. "हा वरचा मजला कुणाच्या परवानगीनं?" वाल्मिक पापड उलटायला लागला. साहेब पाळकांकडे वळले. "तुमची काही हरकत?" "नाय हो. उन्हाळ्यात प्रार्थनेला बरी पडती सावली." वाल्मिकनं नुकतेच उलटलेले पापड पुन्हा उलटले.