माईकवर वाचलेले वजन

पाउलिनबाय, तिची लेक जासिंता, जासिंताची लेक मोनिका आणि मोनिकाच्या पोटची ही रेमेदी. घराण्यातल्या साऱ्याच बायका अंगाने भरदार. पण त्यापायी कुणाला चारचौघांत उभे केलेले ऐंशी वर्षांच्या ब्रिजितबायने कधी पाहिले नव्हते.

आज पाहिले. वसईतल्या चर्चच्या सभागृहात केळी तोलायचा काटा मांडला होता. ‘देह प्रभूचे मंदिर’ या उपक्रमाच्या बाईंनी तीन महिन्यांच्या बाळंतिणीला त्यावर चढवले आणि माईकवर वाचले, "रेमेदी, ब्याऐंशी किलो. दीड किलो वाढ. प्रायश्चित्त म्हणून अजून आठवडाभर रात्रीचे जेवण बंद."

मागे खसखस पिकली. मोनिकाच्या हातात रेमेदीचे बाळ भुकेने रडत होते. उपासांनी रेमेदीचे दूध आटले होते. हातात रोजरीची माळ धरून दुसरीच्या मांड्या मोजणाऱ्या त्या बायांची ब्रिजितबायला किळस आली.

ती पुढे जाऊन काट्याशेजारी बसलेल्या फादरांना म्हणाली, "फादर, पापांची कबुली तुम्ही कानात ऐकता, आणि बाईचे वजन माईकवर?"

"आजी, खादाडपणा हेही पापच."

"आणि लेकराच्या तोंडचे दूध तोडणे? उतर गं खाली!"

तिने रेमेदीला आपल्या घरी नेले. रोज समोर बसून मेथीचे लाडू, गरम भाकरी, बोंबलाचे कालवण खाऊ घातले. बाराव्या दिवशी बाळ पोटभर पिऊन झोपले.

मग ब्रिजितबाय दफनभूमीत गेली. तिची आई बाळंतपणात गेली, तेव्हा पाउलिनबायने जासिंताच्या बरोबरीने तिलाही अंगावर पाजले होते. पाउलिनबायच्या थडग्यावरच्या क्रुसापाशी तिने मेणबत्ती लावली.

"बाय, तुझ्या दुधाचे देणे आज पुरते फिटले."