सोकेरची ढाल

अस्मत जमातीच्या रीतीप्रमाणे, वैऱ्यांनी मारलेल्या भावाचा सूड घ्यायला बेवोरने खारफुटीच्या मुळातून ढाल कोरली. पुढच्या बाजूला भावाचा चेहरा कोरला आणि ढालीला सोकेर हे त्याचंच नाव ठेवलं.

"त्यांना एकटं टाकून पळताना पाय बरे चालले, भावजी!" सोकेरची बायको कडाडली. "आता हात चालवा!"

"मी पळालो नाही, वहिनी!" पटाशी आपटत तो ओरडला. "उद्या हा चेहरा वैऱ्यांनी पाहिला, की कळेल तुम्हाला!"

सकाळी नदीत होड्या भिडल्या. पहिला बाण सुटताच बेवोरने ढाल उचलली. समोरून हशा उसळला.

"अरे, कोरी फळी घेऊन आलास? भाऊ कुठे ठेवलास?"

ढालीच्या आतल्या बाजूने, अगदी त्याच्या नाकासमोर, सोकेर करकर दात खात होता.