तक्रार सुटली

पप्पा परळच्या एका हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर बसतात. कॉम्प्युटर बंद, पेशंटची रांग पार गेटपर्यंत. हेल्पडेस्कला कितीदा फोन केला, तरी पप्पांनी फोन ठेवला की तक्रार आपोआप बंद व्हायची.

"पप्पा, तिकडे माणूस नसतो आता. तुमचं बोलणं सॉफ्टवेअर लिहून घेतं. तुम्ही शेवटी थँक्यू म्हणता ना, की काम झालं असं धरतं ते."

"अगं संघमित्रा, एवढं ऐकून घेणाऱ्याचे आभारही मानायचे नाहीत?"

वैतागून मीच फोन लावला. कॉम्प्युटर अजून बंदच आहे आणि थँक्यू म्हटल्यावर तक्रार बंद करू नका, हे नीट समजावून सांगितलं. पलीकडून गोड आवाज आला, "आपली तक्रार नोंदवली आहे."

 

शेवटी मी पप्पांचीच मुलगी. बोलून गेले, "थँक्यू."