फाटकाला गुण आला

कोंडीरामआबांनी ज्या रानात हयातभर ज्वारी पेरली, तिथं आता खराडीतली काचेची इमारत उभी होती आणि त्यांची नात सृष्टी तिच्याच आठव्या मजल्यावर नोकरीला जात होती. ऑफिसातल्या आरोग्य शिबिरातून तिनं हिरडा, आवळा आणि चहाच्या अर्काची महागडी पावडर आणली.

"आबा, आपल्या पेशी लोखंडासारख्या गंजतात. यातले पॉलिफेनॉल त्यांना गंजू देत नाहीत. रोज पाण्यात कालवून एक पेला घ्यायचा."

आबा पेला घेऊन मुकाट अंगणात जायचे आणि रिकामा आणून द्यायचे.

तीन महिन्यांनी आबांच्या रक्ताचा रिपोर्ट आला. साखर वाढलेली, कोलेस्टेरॉल वाढलेलं. "एवढं नेमानं पिऊनसुद्धा?" म्हणत सृष्टीला रडूच फुटलं.

ते बघून आबांना राहवेना. तिला हाताला धरून त्यांनी बाहेर नेलं. "खोटं कशाला बोलू पोरी, लई तुरट हाय ते. पयल्याच दिवशी थुकलो. म्हटलं, गंजाचं औषध हाय, तर फाटकाला लावून बगावं. रोज ब्रशनं लावतोय."

गंजून लाल झालेलं फाटक काळंभोर दिसत होतं. गंज जागच्या जागी थांबला होता.

सृष्टीनं कपाळाला हात लावला. "अहो आबा, निदान आता तरी औषधावर विश्वास बसला ना?"

 

आबांनी सदरा काढला, स्टुलावर पाठमोरे बसले आणि ब्रश तिच्या हातात दिला. "बसला म्हणून तर. पाठीपासनं सुरू कर, चांगले दोन हात मार."