प्रॉसर सरांच्या निधनाची दुरुस्ती

प्रॉसर सर दारात येऊन उभे राहिले, तेव्हा त्यांना जाऊन तीन दिवस झाले होते. निदान ‘ग्विलान’च्या पहिल्या पानावर तरी तसं छापलं होतं.

नेरिस ही या विद्यार्थी-वृत्तपत्राची संपादक. चहाचा मग हातात धरून ती तशीच बसून राहिली. उपसंपादक गेथिन खुर्चीवरून उठला, आणि का उठलो ते न कळून परत बसला.

सरांच्या हातात तोच अंक होता, लाल शाईने भरलेला.

"तिसऱ्या परिच्छेदात माझ्या गावाचं नाव चुकलंय," ते म्हणाले. "सुरुवातीला एल दोन हवेत. वेल्समध्ये जन्मून एवढं कळू नये?"

"सर, तुम्ही जिवंत आहात," गेथिन म्हणाला.

"त्याकडे नंतर येऊ."

इथवर पोचायला त्यांना चाळीस मिनिटं लागली होती. फाटकावर त्यांचं ओळखपत्र चाललं नाही. पहारेकरी त्यांना एकोणीस वर्षं ओळखत होता. त्याने टोपी काढून दुःख व्यक्त केलं, पण आत सोडेना. "कागदावर तुम्ही गेलेले आहात, सर. माझ्या हातात असतं, तर असं जाऊ दिलं असतं का मी तुम्हाला?" शेवटी सर पाहुणे म्हणून सही करून आत आले.

नेरिसने चहाचा मग खाली ठेवला. "मी रडले हो सर, ते लिहिताना."

"दिसतंय. एका वाक्यात तीन विशेषणं आहेत. बातमी कुणी दिली?"

"फोन आला होता. अंक छपाईला जायच्या तासभर आधी. तुमचा पॅटागोनियातला चुलतभाऊ होता. फार खोकत होता बिचारा."

"मला चुलतभाऊ नाही. माझ्या घरी कोण गेलं होतं? शेजारी कुणाला विचारलंत?"

कुणीच गेलं नव्हतं. सरांचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. त्यांनी अंकाच्या कोपऱ्यात मोठं शून्य काढलं आणि त्याभोवती गोल केला. "या सत्राच्या प्रात्यक्षिकाचे तुझे गुण."

नेरिसचा चेहरा पडला. या गुणांवर तिची पदवी अडकली होती. "मी माफी छापते, सर."

"माफी कसली? दुरुस्ती छाप. आणि त्याआधी बातमीत खोटं काय नि खरं काय, ते बघ. शेवटचा परिच्छेद वाच. मोठ्याने."

तो परिच्छेद कुलगुरूंचा होता. वृत्तपत्रविद्या विभाग बंद होणार का, असं नेरिस त्यांना अकरा महिने विचारत होती, आणि दर वेळी ‘सध्या काही सांगता येणार नाही’ एवढंच उत्तर येत होतं. श्रद्धांजली मागितली, तर मात्र पाव तासात आली. तीही सहीनिशी.

नेरिसने वाचलं, "‘प्रॉसर यांनी उभा केलेला विभाग मी या पदावर असेतोवर बंद होणार नाही, हा माझा त्यांना शब्द आहे.’"

"मी जिवंत होतो तेव्हा साहेबांना पाच मिनिटं वेळ नव्हता," सर म्हणाले, आणि त्यांना खोकल्याची उबळ आली.

तो खोकला नेरिसने ओळखला.

"फोन तुम्हीच केलात."

सर खिडकीबाहेर बघत राहिले. गेथिन आधी थक्क झाला, मग पोट धरून हसायला लागला. "सर, कमाल केलीत! मानलं तुम्हाला!"

नेरिस हसली नाही. "सर, फोन कुणी केला, तेही मला छापावं लागेल."

"वेडी आहेस का तू?" गेथिन ओरडला. "नोकरी जाईल त्यांची!"

"माहितेय मला. तरी छापणार."

खोटं छापू नका, हे सांगण्यात सरांची एकतीस वर्षं गेली होती. त्यांनी टेबलावरचा कोरा कागद तिच्याकडे सरकवला.

"लिही," ते म्हणाले. "गावाच्या नावात एल दोन. आणि शून्य शून्यच राहील. घरी येऊन बघायला हवं होतंस."

पुढच्या शुक्रवारी सरांनी राजीनामा दिला. त्याच सकाळी अंक निघाला. दुरुस्ती पहिल्या पानावर होती, चौकटीत:

‘प्रा. इड्वल प्रॉसर यांचे निधन झाल्याचे गेल्या अंकात छापले होते. ते खोटे आहे. ही बातमी प्रा. प्रॉसर यांनी स्वतःच फोनवरून दिली होती आणि आम्ही ती न तपासता छापली. त्यांच्या गावाच्या नावात सुरुवातीला दोन एल हवेत. बातमीतील बाकी मजकूर, कुलगुरूंनी सहीनिशी दिलेल्या शब्दासह, खरा आहे.’