संध्याकाळच्या घंटेनंतर

दुपार कलली तरी गुंडुलानं सायकलवरून पाय खाली टेकला नव्हता. सकाळी पासाऊहून निघाली ती डॅन्यूबच्या डाव्या काठानं, एकटीच. अंगात धाकट्या बहिणीचं, रोझवीटाचं लाल जाकीट. डोक्यावर तिचीच पांढरी टोपी. दोघी बहिणी इतक्या सारख्या, की पाठमोरं पाहून आईसुद्धा चुकायची.

सहा वर्षांपूर्वी रोझवीटा याच वाटेनं अशीच एकटी निघाली होती, ती परत आलीच नाही. सायकल नावेच्या घाटावर मिळाली, आणि ती स्वतः काही दिवसांनी खालच्या बंधाऱ्यापाशी. तिन्हीसांजेला पाय घसरला असणार, असं पोलिसांनी ठरवलं. तिचं ज्याच्याशी लग्न ठरलं होतं तो आन्सेल्म तर वेडापिसा झाला. त्याला सावरता सावरता गुंडुलाच त्याची बायको झाली. लोक म्हणाले, बरं झालं बाई, दोघांनाही आधार झाला.

पण गुंडुलाच्या डोळ्याला डोळा लागत नसे. त्या संध्याकाळी घाटावरची घंटा वाजली होती. पलीकडच्या एका गवळ्यानं ती लांबून ऐकली होती. नाव हवी असली की ती घंटा वाजवायची, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. मग नावाडी कोर्बिनियान का आला नाही? पोलिसांना म्हातारा म्हणाला, मी काही ऐकलं नाही, काही पाहिलं नाही. तो खरं बोलला की खोटं, हे कळल्याशिवाय तिच्या जिवाला थारा मिळणार नव्हता. त्याच्यासाठीच तिनं आज बहिणीचे कपडे चढवले होते.

वाटेत खाणावळ लागली. मालकीण क्रेसेन्झ मोठी बोलघेवडी. तिनं समोर सफरचंदाची पोळी आणून ठेवली आणि विचारलं, "एकटीच? नवऱ्याला घरी बांधून आलीस की काय?"

"त्याला नदी बघवत नाही," गुंडुला म्हणाली.

क्रेसेन्झनं मग तिला घाई करायला सांगितलं. चर्चची संध्याकाळची घंटा व्हायच्या आत घाट गाठ, पुढं वाट कड्याला जाऊन संपते आणि नावेशिवाय सुटका नाही, म्हणाली. घंटेनंतर काठावरून बोलावतात ते बुडालेले, असं कोर्बिनियानच्या बापानं त्याला शिकवलं होतं. त्याच्या आधीचे सगळे नावाडीही तेच पाळत आले होते.

"आणि खरंच कुणी जिवंत माणूस अडकलं तर?"

"तर सकाळपर्यंत अडकतं. दुसरं काय!"

गुंडुलानं आणखी एक पोळी मागवली, आणि ती सावकाश खाल्ली.

निघाली तेव्हा पाण्यावर धुकं उतरू लागलं होतं. दोन्ही बाजूंचं रान वाटेवर झुकलेलं. मागं कुणाच्या तरी सायकलच्या साखळीची करकर ऐकू येत होती. ती थांबली की करकर थांबे, निघाली की पुन्हा सुरू. तिनं दोनदा वळून पाहिलं. वाट रिकामी होती. गुंडुला घाबरली होती, चांगलीच घाबरली होती. 'रोझी, नको गं,' असं ती पुटपुटलीसुद्धा. तरी मागं फिरली नाही.

घाटावर ती कड्याला टेकून उभी राहिली. पलीकडं चर्चची घंटा सुरू झाली. ती पुरती थांबेपर्यंत गुंडुलानं वाट पाहिली आणि मगच घाटावरची दोरी ओढली.

समोरच्या काठावरच्या घराचं दार उघडलं. म्हातारा कंदील घेऊन बाहेर आला. लाल जाकीट दिसावं म्हणून ती अगदी पाण्यापाशी गेली. त्यानं कंदील वर धरला, छातीवर क्रूसाची खूण केली. आता हा आत पळणार, असं तिला वाटलं. पण नावेचं इंजिन धडधडू लागलं.

जवळून पाहिलं तर माणूस पार वाळून गेलेला. त्यानं तिच्याकडं मान वर करून पाहिलं नाही. सायकल चढवली आणि म्हणाला, "बस, पोरी." नदीच्या मध्यावर येऊन त्यानं इंजिन बंद केलं. नाव धारेला लागून हळूहळू वाहू लागली.

"तू परत बोलावलंस तर येईन, असं मेरीमातेला कबूल केलं होतं," तो म्हणाला. "आलो बघ."

गुंडुलानं बहिणीच्या मऊ आवाजात विचारलं, "तेव्हा का नाही आलात, आजोबा?"

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

"चर्चची घंटा होऊन गेली होती गं. तरी खिडकीतून पाहिलं, तेव्हा नजर घारीसारखी होती माझी. पाहतो तर दोघी! एकसारख्या दोन पोरी घाटावर उभ्या. मग तर खात्रीच पटली, हे बुडालेल्यांचंच काम. पडदा ओढून घेतला, पण फटीतून नजर हटेना. दुसऱ्या दिवशी सायकल सापडली तेव्हा कळलं, जिवंत होतात तुम्ही. मग सांगायची लाज वाटली. लाजेपायी खोटं बोललो."

"काय काय पाहिलंत?"

"सगळं पाहिलं. तू घंटेची दोरी सोडत नव्हतीस आणि ती तुझी बोटं एकेक करून सोडवत होती. मग तिनं तुला पाण्यात लोटलं. तुझ्यासारखीच दिसणारी ती कोण होती, तेवढं सांग, पोरी. म्हणजे मी मरायला मोकळा."

"हे आणखी कुणाला सांगितलंत, आजोबा?"

"कुणालाच नाही. उद्या पाद्रीबाबांना सांगेन म्हणतो."

गुंडुलानं एकदा अलीकडचा काठ पाहिला, एकदा पलीकडचा. कुठंच कुणी नव्हतं. मग ती उठली आणि हलक्या पावलांनी त्याच्या मागच्या फळीवर जाऊन बसली.